साडेतीन क्रेट उंचीवरचं घर

घर बांधताना लोक आधी पाया घालतात. आम्ही आधी संडास ठरवला आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली.

माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, चालणं वॉकर टेकत. उकिडवं बसणं सुटून सहा वर्षं झाली. घरी कमोड आहे, भिंतीला धरायला दांडा आहे, त्यामुळे घरात त्यांचं अडत नाही. पण त्यांना तासा-दीड तासाला जावं लागतं, आणि सौंसरहून कुठल्याही दिशेला निघा, दीड तासाच्या आत त्यांना बसता येईल अशी जागा सापडत नाही. म्हणून त्यांचं जाणं-येणं दवाखाना आणि समोरचं मंदिर एवढ्यावर येऊन थांबलं होतं.

त्यांची थोरली बहीण चांदूर बाजारच्या पलीकडे एका खेड्यात असते. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. वय ब्याऐंशी. खुब्याचं हाड मोडल्यापासून तीही वॉकर घेऊन चालते. तिच्या घरचा संडास अंगणाच्या टोकाला, पाच पायऱ्या उतरून. म्हणजे ही तिकडे जाऊन राहू शकत नाही आणि ती गाडीत एवढा वेळ बसू शकत नाही. चार वर्षं दोघींची भेट नव्हती. रोज दुपारी चार वाजता फोन. दोघींना कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघी ओरडून बोलायच्या आणि आमच्या गल्लीत मावशीच्या घरच्या सगळ्या बातम्या माझ्या आधी पोचायच्या.

"जिती हाय का?" मावशीचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"तुया आधी नाही जात. काळजी नको करू."

एक दिवस मावशी म्हणाली, "आता येशील त मयतीलेच येजो."

"मयतीले येऊन काय करू? तू बोलणार हायस का माह्यासंग?" असं म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला. त्या संध्याकाळी त्यांनी चहा अर्धा टाकला आणि कोणावरही चिडल्या नाहीत. माझ्या सासूबाई रागावल्या की बडबड करतात. गप्प बसल्या म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं मला पंचवीस वर्षांत कळलेलं आहे.

नवऱ्याने सुचवलं की घडीची कमोड-खुर्ची मिळते, ती कारच्या डिक्कीत टाकून नेऊ.

"अन् भांडं कोण उचलंन?" सासूबाईंनी विचारलं. "तिची सून?"

"मी उचलेन," मी म्हणाले.

"तू तिथं पाहुणी. लोकाच्या अंगणातून तू भांडं घेऊन चालली, अन् तिची सून पाहून राह्यली. शोभते काय?"

ते काही शोभत नव्हतं, हे मलाही मान्य होतं.

आता आमच्या गाडीबद्दल. आमचं सौंसरला पाईप आणि मोटरपंपांचं दुकान आहे. माल पोचवायला एक मध्यम आकाराचा ट्रक होता. नवीन घेतल्यावर जुना दुकानामागे उभा होता. त्या सुमारास नवरा मोबाईलवर घर असलेल्या गाड्या बघायला लागला होता. परदेशातली माणसं गाडीतच चहा करतात, गाडीतच झोपतात आणि सकाळी उठून डोंगराकडे बघत बसतात. त्याला लडाखला जायचं होतं. मी म्हणाले, लडाखचं नंतर बघू. आईंना मावशीच्या दारात नेऊन दोन दिवस ठेवता येईल अशी गाडी होत असेल तर कर, नाहीतर ट्रक भंगारात घाल. लडाखचा हट्ट त्याने बराच वेळ सोडला नाही, पण कामाला लागला.

कागदपत्रांबद्दल लिहीत बसत नाही. एवढंच सांगते की आधी कागद करावेत आणि मगच पत्रा कापावा. उलट क्रमाने केलेल्यांच्या गोष्टी आम्ही रांगेत उभ्या उभ्या बऱ्याच ऐकल्या.

मोठ्या शहरात अशा गाड्या बांधणारे कारखाने आहेत म्हणे. पण आम्ही पांढुर्ण्याच्या मिस्त्रींकडे गेलो, कारण आमच्या ट्रकची मूळ बॉडी त्यांनीच बांधली होती आणि ती पंधरा वर्षांत कुरकुरली नव्हती. आमच्या भागातल्या संत्र्याच्या निम्म्या गाड्या त्यांच्या हातच्या. साठीचे गृहस्थ, कानाला पेन्सिल, आणि खिशात टेप असून तो न काढण्याची सवय.

"बोला वहिनी, किती क्रेटची बॉडी?"

"क्रेट नाही, मिस्त्रीभाऊ. माणसं राहणार आहेत. तीन."

"उभी का आडवी?"

"दोन्ही. बसणार, झोपणार, स्वयंपाक करणार."

त्यांनी थोडा विचार केला. "मतलब माल हालणार."

पलंग सहा फूट बाय अडीच फूट, असं मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, हवेत बोट फिरवलं आणि म्हणाले, "सहा क्रेट. मालकाचे पाय थोडे बाहेर येतीन." गॅसची शेगडी अर्धा क्रेट. कपाट चार उभे क्रेट. चाळीस वर्षं त्या माणसाने ट्रकचा हौदा संत्र्याच्या क्रेटच्या या एकाच मापाने मोजला होता आणि त्याला फूट-इंच म्हणजे परकी भाषा वाटायची. सुरुवातीला मी कागदावर रूपांतर करून ठेवायची. पंधरा दिवसांनी सोडून दिलं आणि मीच फोनवर सांगायला लागले, "भाऊ, खिडकी एक क्रेट खाली घ्या."

आतली मापं मात्र मी कोणावर सोडली नाहीत. सासूबाईंना लाकडी पाट एकावर एक ठेवून त्यांवर बसवलं आणि उठताना कुठल्या उंचीला त्या "आई गं" म्हणत नाहीत ते शोधून काढलं. एकोणीस इंच. दांडा उजव्या हाताला, कारण डाव्या मनगटात जोर नाही. दिव्याचं बटण बसल्या जागी हाताला यावं. दार एवढं रुंद, की वॉकर वाकडा न करता आत जावा. मग एका रविवारी दुकानातली जमीन झाडून खडूने पूर्ण गाडी खऱ्या मापाने आखली आणि सासूबाईंना वॉकरसकट त्यात फिरवलं.

"हे काय?"

"हा तुमचा पलंग. इथून डावीकडे वळा. तिकडे नको, ती भिंत आहे."

"मले त भिंत दिसून नाही राह्यली."

"समजा, आई."

एक गिऱ्हाईक स्प्रिंकलरची नोझल मागायला आलं ते थेट आमच्या संडासात उभं राहिलं. सासूबाई त्याला म्हणाल्या, "बापू, बाहेर हो, मले जायचं हाय." तो बिचारा रस्त्यावर जाऊन थांबला. त्या दिवशी दोन भिंती मी चार-चार बोटं सरकवल्या आणि स्वतःवर फार खूश झाले.

तिसऱ्या आठवड्यात काम बघायला गेले. बाजूच्या भिंती उभ्या होत्या आणि आतमध्ये उन्हाचे पट्टे पडले होते. दर दोन पट्ट्यांमध्ये दोन बोटांची फट.

"मिस्त्रीभाऊ, हे काय?"

"काय?"

"भिंतीला फटी आहेत."

"मग हवा कुठून येईन? बंद बॉडीत माल सडते. दुसऱ्या दिवशी वास येते."

"अहो, माल म्हणजे माझी सासू आहे."

"तेच त सांगून राह्यलो. म्हाताऱ्या माणसाले हवा जास्तच लागते."

"आणि पाऊस आला तर?"

"वरून ताडपत्री."

एक तास वाद झाला. शेवटी आतून-बाहेरून पत्रा, मध्ये फोम, दोन मोठ्या खिडक्या आणि छताला एक झरोका यावर तडजोड झाली. मिस्त्री नाराज होते. "मग नंतर मले सांगू नका," एवढंच म्हणाले. एक फट मात्र त्यांनी मला न विचारता संडासाच्या वर तशीच ठेवली. त्या गाडीतली ती सगळ्यात शहाणी गोष्ट ठरली, हे कबूल केलं पाहिजे.

मध्येच पोळा आला. मिस्त्री राहणारे नदीपलीकडच्या सावरगावचे, त्यांचा वेल्डर पांढुर्ण्याचा. वर्षभर दोघं एका डब्यात जेवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या खेळाला, एक जाम नदीच्या या काठावर आणि एक त्या काठावर. काम चार दिवस बंद राहील हे मी धरलंच होतं. पाचव्या दिवशी गेले तर वेल्डरच्या कपाळाला पट्टी, मिस्त्रींचं कोपर सुजलेलं, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून काम करताहेत.

"वहिनी, त्याले सांगा, कोपरा सरळ नाही."

"वहिनी, त्याईले सांगा, नजर सुजली का कोपर सुजलं ते पाहा पहिले."

दोन फुटांवर बसलेल्या माणसांचे निरोप मी दिवसभर पोचवले. संध्याकाळी दोघं एकाच डब्यात जेवायला बसले आणि मला म्हणाले, "तुमी जेवल्या का?" बाहेरच्या माणसाने अशा दिवसांत कोणाचीही बाजू घेऊ नये. दोन काठांच्या मधोमध राहावं आणि डोकं खाली ठेवावं.

पाण्याचं काम मी स्वतः केलं. ते माझं रोजचं आहे. कडक पाईप लावायचे नाहीत, हादऱ्याने सांध्यात तडकतात. लवचिक नळी लावायची आणि दर हातभर अंतरावर पट्टी मारायची. पाण्याची टाकी मागे कोपऱ्यात ठेवली तर गाडी घाटात शेपटी हलवते, म्हणून ती चाकांच्या वरच बसवायची. मैल्याची टाकी खाली, तिचं झाकण डाव्या अंगाला, आणि ते उघडायचं काम नवऱ्याचं. हे शेवटचं मी काम सुरू होण्याआधीच ठरवून घेतलं होतं. नंतर कोणी ऐकत नाही.

गाडी तयार झाल्यावर आम्ही दोघंच रामाकोन्यापर्यंत एक फेरी मारून आलो. पहिल्याच गतिरोधकावर कपाटाची दारं उघडली, हळदीचा डबा नवऱ्याच्या डोक्यामागे फुटला आणि तो पुढचे दहा किलोमीटर नवरदेवासारखा पिवळा बसून होता. कपाटांना कड्या लावल्या. नळ चालले, शेगडी चालली, संडास चालला. मी त्या दिवशी गाडीच्या मागच्या लोखंडी शिडीवरून वीसएक वेळा चढले-उतरले असेन. काहीच गडबड नव्हती.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी निघायचं ठरलं. सासूबाईंनी नवीन हिरवं लुगडं नेसलं. बहिणीसाठी तिळाच्या चटणीचा डबा, दोन चोळीचे खण आणि स्वतःच्या गोळ्यांची पिशवी घेऊन त्या सकाळी सातपासून दारात खुर्चीवर बसल्या होत्या. गल्ली गोळा झाली. नवऱ्याने गाडी मागे घेत घेत अगदी दाराशी आणली, मी उडी मारून मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "चला आई!"

सासूबाईंनी वर पाहिलं. गाडीची जमीन त्यांच्या छातीला लागत होती.

मी शिडीकडे बघितलं. तीन आडवे गज, शिडी अगदी उभी. ज्या बाईला पाच पायऱ्या उतरता येत नाहीत म्हणून हा सगळा खटाटोप, तिच्यासाठी मी एकोणीस इंचाचा कमोड, उजव्या हाताचा दांडा आणि हाताशी दिवा केला होता. ती आत कशी जाणार याचा तीन महिन्यांत एकदाही विचार केला नव्हता. दुकानात आखलेली खडूची गाडी जमिनीवर होती ना! त्यात त्या चालत गेल्या होत्या.

"छान दिसते," सासूबाई म्हणाल्या. "खालून."

मग गल्ली सुटली. समोरचे गुरुजी म्हणाले, खुर्चीसकट उचलू. शेजारची म्हणाली, पलंग उभा लावू. चौघं जण बाह्या सरसावून पुढे आले सुद्धा.

सासूबाईंनी वॉकर आडवा धरला. "हात नका लावू. मले चार जणांनी उचलायचा दिवस यायचा हाय अजून. आजच हौस नका फेडू."

त्या आत गेल्या. लुगडं बदललं नाही. चटणीचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिल्या. चार वाजता फोन वाजला, तो त्यांनी उचलला नाही.

मी मिस्त्रींना फोन लावला आणि माझा सगळा राग त्यांच्यावर काढला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "वहिनी, माल कधी स्वतः चढते का? चाळीस वर्षं झाले, पायानं चढणारा माल मी पाह्यला नाही. माल ओट्यावरून जाते."

"म्हणजे?"

"मंडीच्या ओट्याले गाडी मागून लावा. ओटा अन् गाडीची जमीन, दोन्ही साडेतीन क्रेट. तेच माप असते. चालत जातीन सासूबाई."

मी आधी चिडले. मग कागद घेऊन बसले. घडीच्या पायऱ्या केल्या तरी चढायच्या पायऱ्याच. उतार करावा तर वॉकरवाल्या माणसाला झेपेल अशा उताराची फळी चाळीस फुटांच्या वर जात होती. गाडीपेक्षा फळी लांब. वर उचलणारा यंत्राचा पाळणा बाहेरून मागवायचा तर दोन-तीन महिने. ब्याऐंशी वर्षांच्या बाईचे दोन-तीन महिने मी कोणाच्या भरवशावर धरायचे?

मंडीचा ओटा फुकट होता आणि उद्या सकाळी होता.

पण चढायचा ओटा सौंसरला मिळाला तरी दुसऱ्या टोकाला काय? मावशीलाही वॉकर. तिला आत यायचं असेल किंवा हिला बाहेर जायचं असेल, तर तिथेही तेवढाच उंच ओटा हवा. मी मावशीच्या मुलाला फोन केला.

"भाऊजी, तुमच्या गावात मंडी आहे का?"

"नाही जी. काऊन? संत्रा घेऊन येऊन राह्यल्या का?"

"तुमच्या मावशीला, म्हणजे आमच्या आईंना, घेऊन येतेय. माल उतरवायचा ओटा कुठे आहे का, ते सांगा."

त्यांनी घरात कोणाला तरी विचारून घेतलं. मग म्हणाले, "सोसायटीचं खताचं गोदाम हाय. त्याले ओटा हाय."

"किती उंच?"

"कमरेएवढा."

"कोणाच्या कमरेएवढा?"

"माह्या."

भाऊजी सव्वासहा फूट आहेत. मी म्हणाले, टेप घेऊन जा. टेप मुलीच्या शाळेच्या दप्तरात गेला होता. मग मीच म्हणाले, घरी संत्र्याचे क्रेट असतीलच, ते एकावर एक उभे ठेवा आणि ओट्याला लावून मोजा. ते त्यांना लगेच समजलं. अर्ध्या तासात फोन आला, "साडेतीनला दोन बोटं कमी. अन् एका अंगानं हातगाडीचा उतार हाय, त्यावरून माय चढते. चढवून पाह्यली."

"पाहिली सुद्धा?"

"ती थांबते का? तुमी फोन केला तवाच चप्पल घातली तिनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सौंसरच्या मंडीत आमची गाडी ओट्याला लागली. संत्र्याची आवक जेमतेम सुरू झाली होती, त्यामुळे जागा मोकळी होती आणि हमाल रिकामे. सासूबाई ऑटोतून आल्या आणि हातगाडीच्या उतारावरून वॉकर टेकत वर चढू लागल्या. सगळे हमाल रांगेने उभे राहिले.

"आजी, काट्यावर घेऊ का पहिले?" एक जण म्हणाला.

"घे ना. एक नंबर माल हाय, पाहून घे."

"बाजूला काढलेला, छाटणीचा दिसते जी!"

"छाटणीचा तुया बाप," सासूबाई न थांबता म्हणाल्या, आणि हसणाऱ्या त्या रांगेसमोरून सरळ चालत गाडीत गेल्या. पायरी नाही, उंबरा नाही. जसं माजघरातून स्वयंपाकघरात जावं.

आत गेल्यावर त्यांनी पलंग दाबून पाहिला, संडासाचं दार दोनदा लावून उघडलं, दिव्याचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, "खिडकी अजून खाली पाह्यजे होती." म्हणजे पसंत पडली.

पांढुर्णा, वरूड, मोर्शी. रस्ताभर त्या खिडकीला चिकटून होत्या. कोणाच्या बागेला पाणी कमी आहे, कोणी झाडं दाट लावली आहेत, कोणाची कापसाची पऱ्हाटी चांगली फुटली आहे, यावर त्यांचं मत तयार होतं. संडास चार वेळा वापरला. त्यातल्या दोन वेळा निव्वळ वापरून पाहायला होत्या, असं त्यांनीच सांगितलं. मोर्शीच्या पुढे बाभळीखाली गाडी थांबवून मी पिठलं केलं. नवरा बाहेर उभा राहून डोंगर शोधत होता. एक होता, लांब.

गोदामाच्या ओट्यावर मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मागे युरियाच्या गोण्यांची थप्पी, शेजारी भाऊजी, त्यांची बायको, गोदामाचा चौकीदार आणि अर्धं गाव. नवऱ्याने गाडी मागे घेतली. चार बोटांचं अंतर राहिलं, त्यावर चौकीदाराने फळी टाकली. मी दार उघडलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

दोघींनी एकमेकींना खालून वरपर्यंत पाहिलं.

"किती वाळली वं," सासूबाई म्हणाल्या.

"अन् तू किती सुटली!"

मावशी उठली, फळीवरून वॉकर टेकत आली आणि थेट आत शिरली. बहिणीच्या गालाला हात लावला की नाही ते मला दिसलं नाही, कारण तेवढ्यात सासूबाईंनी दार ओढून घेतलं. मी बाहेर, नवरा बाहेर, अर्धं गाव बाहेर. आतून कडीचा आवाज आला. कपाटाची कडी नव्हे, दाराची.

"चहा?" भाऊजींची बायको बारीक आवाजात म्हणाली.

आम्ही गोण्यांवर बसून चहा घेतला. तासाभराने दार उघडलं ते मावशीला संडास दाखवून झाल्यावर. "हे बेस हाय," ती भाऊजींना म्हणाली. "घरी असंच पाह्यजे. अन् दांडा इकडून."

दोन दिवस त्या दोघी गाडीतच राहिल्या. आम्ही मावशीच्या घरी. जेवण ओट्यावरून आत जायचं आणि भांडी ओट्यावर यायची. सोसायटीच्या लोकांनी तोवर दुसऱ्या दाराने खत दिलं. दोघींचं भांडणही झालं. आईची जुनी पाटली कोणाकडे गेली यावरून दुपारभर आवाज येत होता. संध्याकाळी सासूबाईंनी मला बोलावून सांगितलं, "माह्याकडे नाही, सांग तिले." दोन फुटांवरच्या माणसांचे निरोप पोचवायची मला सवय झालीच होती.

तिसऱ्या दिवशी दोघींनी ठरवलं की माहेर बघायचं. तीस किलोमीटरवर त्यांचं गाव. तिथे आता कोणी राहत नाही, ओटाही नाही. उतरायचं नाही, खिडकीतूनच बघायचं, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने गाडी गावातून अगदी हळू नेली. नदी, शाळा, विहीर. एका वळणावर मावशी म्हणाली, "इथं तू पडली होती." "मी नाही, तू पडली होती." पूर्ण गल्ली तेच चाललं. आम्ही गावाला तीन फेऱ्या मारल्या. लोकांना वाटलं निवडणूक आली.

परतायला चार वाजले. मावशीला गोदामाच्या ओट्यावर उतरवायचं आणि अंधार पडायच्या आत मोर्शी गाठायची, असं मी ठरवलं होतं. गावात शिरलो तर गोदामासमोर ट्रक उभे. रब्बीचं खत आलं होतं. ओट्याला एक गाडी लागलेली, मागे तीन रांगेत, आणि आमचा नंबर पाचवा. एकेक गाडी रिकामी व्हायला पाऊण तास.

मी खाली उतरले आणि पुढे गेले. पुढच्या ट्रकवाल्याला सांगितलं की आत दोन म्हाताऱ्या बाया आहेत, एकीला उतरवायचं आहे, दोन मिनिटांचं काम. तो भला माणूस. "लावा ना ताई पहिले, त्यात काय," म्हणाला आणि त्याने पुढच्यांनाही हाक मारली. सगळे गाड्या काढायला तयार झाले. भाऊजी ओट्यावर खुर्ची घेऊन आले.

सगळं जुळवून मी खिडकीखाली आले. "आई, जागा मिळाली. मावशींना तयार करा."

सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मागे मावशी पलंगावर पाय पसरून बसली होती, मांडीवर सोललेल्या संत्र्याची सालं.

"काऊन?" सासूबाई म्हणाल्या. "लोकं सकाळपासून रांगेत हायेत. आपण काय मंत्री हावो? नंबरानं होऊ दे."

"अहो, ते स्वतःहून देताहेत जागा. आपल्याला उशीर—"

"तुले उशीर होते त तू बस पकड," आतून मावशी म्हणाली. "आम्ही हावो इथं."

सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ज्या बाईला रेशनच्या दुकानात कधी रांग सोसली नाही, ती.

मी परत पुढे गेले आणि त्या भल्या माणसाला सांगितलं, राहू द्या, तुमचं होऊन जाऊ द्या. एवढ्यात आमच्या मागे खताचा आणखी एक ट्रक येऊन लागला. त्याच्या चालकाने काच खाली करून विचारलं, रांग इथूनच का?

मी नवऱ्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि त्या चालकाला हात केला, तू हो पुढे.